पाण्यांत राहून तहानलेलें यंत्र

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते; परंतु समुद्र येथून सह्याद्रीच्या पलीकडे, फार दूर. अशा ठिकाणच्या श्रोत्यांपुढें बोटीच्या इंजिनाची कथा मांडणें प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. पण इ. स. १९०० मध्यें मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग खुला झाला, जालन्याच्या कापसास मुंबईची वाट मिळाली, आणि सरकी काढण्याच्या कारखान्यांबरोबर या भागांत अग्नीच्या बळावर चालणारीं यंत्रेंही आलीं. पुढें विहिरींवर तेलाचीं इंजिनें बसलीं. विहिरीवरचें तें इंजिन आणि कोंकणच्या कोळ्याच्या होडींतलें इंजिन हीं सख्खीं भावंडें होत. दोघांचा आहार एक, स्वभाव एक, आणि मोठा आजारही एकच. तो आजार म्हणजे अतिताप. प्रत्यक्ष पाण्यांत उभें असतां हें यंत्र पाण्यावांचून कसें तळमळतें, आणि मनुष्य त्याची नाडी पाहण्यास कसकसा शिकला, हा इतिहास जितका मनोरंजक तितकाच उपयुक्त आहे.

श्रोतेहो, जर्मनींत निकोलाउस ऑटो यानें इ. स. १८७६ मध्यें, ज्याचा दट्ट्या चार खेपांत आपलें एक काम पुरें करतो असें इंजिन सिद्ध केलें. दहाच वर्षांनीं, १८८६ सालीं, गॉटलीब डाइमलर यानें आपलें लहानसें इंजिन एका होडींत बसवून ती नेकार नदींत चालविली. १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें रुडॉल्फ डीझेल याच्या इंजिनाची परीक्षा झाली, तेव्हां त्यानें तेलांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६ च्या सुमारास भाग कामास लाविला असें ठरलें. त्या काळचें साधारण वाफेचें यंत्र याच्या निम्म्यापर्यंतही पोंचत नसे. म्हणून जगानें डीझेलचें कौतुक केलें, तें योग्यच होतें. तथापि उरलेल्या सुमारें तीन चतुर्थांश उष्णतेचें काय होतें, हा प्रश्न कौतुकाच्या भरांत मागें राहतो. तिचा एक भाग सिलिंडरच्या भिंती तापवितो, आणि दुसरा मोठा भाग धुरावाटे बाहेर पडतो. पूर्ण भार असतां हा धूर ४०० ते ५०० अंश सेंटिग्रेड इतका तप्त असूं शकतो. सर्व सिलिंडरांचा धूर गोळा करून बाहेर नेणारें ओतीव लोखंडाचें जें नळकांडें असतें, त्यास कारागीर ‘मॅनिफोल्ड’ म्हणतात. सुकें लांकूड करपण्यास याहून पुष्कळ कमी उष्णता पुरते. लांकडी होडीच्या पोटांत, तेलाच्या टाकीपासून चार हातांवर, असें नळकांडें उघडें ठेवणें म्हणजे गंजीशेजारीं चूल पेटविण्यासारखें होय.

मोठ्या जहाजांनीं या प्रश्नाचें उत्तर उंचीनें दिलें. १९१२ सालीं डेन्मार्कहून पूर्वेकडे निघालेलें ‘सेलांडिया’ हें डीझेल इंजिनांचें जहाज ज्या ज्या बंदरांत गेलें, तेथें लोक त्याचें धुराडें शोधीत राहिले. कारण त्यास धुराडेंच नव्हतें. धूर एका पोकळ डोलकाठींतून वर नेला होता. लहान होडीस अशी सोय कोठून? तिच्यासाठीं दुसरी युक्ति निघाली. नळकांड्याच्या भिंती दुहेरी ओतावयाच्या, आणि दोन भिंतींमधील पोकळींतून बाहेरचें पाणी सतत खेळवावयाचें. आंत अग्नि, बाहेर लांकूड, आणि मध्यें पाण्याचा अंगरखा, अशी ही रचना आहे. पाणी होडीच्या तळांतील कॉकमधून जाळीवाटे येतें, पंप तें इंजिनांतून व मॅनिफोल्डमधून ढकलतो, आणि शेवटीं पुष्कळ होड्यांत तेंच पाणी धुरांत मिसळून त्यास थंड करीत बाहेर पडतें.

येथपर्यंत सर्व ठीक. पण समुद्राचें पाणी म्हणजे विहिरीचें पाणी नव्हे. त्याच्या एका लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. या क्षारांचा उपद्रव मनुष्यास तेलाच्या इंजिनाच्या पुष्कळ आधीं कळला होता. मुंबईच्या गोदींत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च १८३० मध्यें मुंबईहून निघून सुमारें महिनाभरानें सुवेझला पोंचली. त्या काळच्या आगबोटी बॉयलरमध्यें समुद्राचेंच पाणी भरीत. पाण्याची वाफ होऊन जाई व मीठ मागें राही. म्हणून थोड्याथोड्या वेळानें खारट झालेलें पाणी बाहेर सोडून नवें घ्यावें लागे, आणि त्याबरोबर कोळशाची उष्णताही वाया जाई. १८३४ सालीं सॅम्युएल हॉल या इंग्रजानें वाफ थंड करून तेंच गोडें पाणी पुनः वापरण्याच्या साधनाचा हक्क मिळविला. परंतु तें साधन सर्वत्र रूढ होण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं. याच सुमारास मुंबईचे आर्देसर कर्सेटजी वाडिया वाफेच्या विद्येंत पारंगत होऊन १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. हा मान मिळविणारे ते पहिलेच भारतीय. आगबोटींच्या विद्येशीं मुंबईचा संबंध इतका जुना आहे.

होडींतील इंजिनाचा प्रश्न कोंकणच्या घरांघरांत शिरला तो मात्र स्वातंत्र्यानंतर. १९५२ सालीं भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यांत करार होऊन केरळांत मच्छीमारीच्या सुधारणेचें काम सुरू झालें. मुंबई राज्यांतही त्याच दशकांत सातपाटी, वर्सोवा आदि गांवांच्या होड्यांत डीझेल इंजिनें बसूं लागलीं. वारा पडला तरी होडी बंदरास लागूं लागली, आणि पापलेट ताजें असतांनाच मुंबईच्या बाजारांत पोंचूं लागलें. हा लाभ खरा. परंतु त्याची किंमतही खरी. शीड हळूहळू निघालें, आणि शीड हांकण्याची पिढ्यानपिढ्यांची विद्या त्याबरोबर क्षीण झाली. पूर्वी वारा रुसला तर तांडेल वाट पाहत असे. आतां खडकाळ किनाऱ्याजवळ, भरतीच्या ओढींत इंजिन बंद पडलें, तर वाट पाहण्यास वेळच उरत नाहीं. म्हणून मॅनिफोल्ड तापणें ही होडींतील सर्व मनुष्यांच्या जिवाशीं निगडित अशी बाब झाली.

या विकाराचें कारण क्वचितच एका दिवसांत उत्पन्न होतें. पाणी जसजसें तापतें तसतसा त्यांतील चुन्याचा अंश भिंतीस चिकटूं लागतो. ज्यांच्या घरीं तांब्याचा बंब आहे, त्यांनीं बंबाच्या आंतील पांढरी खपली पाहिलीच असेल. साखर ऊन पाण्यांत अधिक विरघळते. हा चुना नेमका उलट वागतो. त्यांत ओतीव लोखंडाचा गंज मिसळतो. वर्षानुवर्षें पोकळी अरुंद होत जाते, पाणी कमी वाहतें. कमी वाहतें म्हणून अधिक तापतें, आणि अधिक तापतें म्हणून अधिक खपली धरते. जुन्या इंजिनाचा रोग असा आपलाच आहार खाऊन वाढतो.

आतां निदानाचा क्रम पाहूं. जुन्या जाणत्या मिस्त्रींची रीति वैद्याच्या रीतीसारखीच आहे. रोगी पाहिल्यावांचून ते औषध देत नाहींत. पहिला प्रश्न असा कीं, ताप खरा आहे कीं केवळ तापमापकाचा कांटा खोटें बोलत आहे? जुन्या कांट्यावर विश्वास न ठेवतां दुसऱ्या तापमापकानें पडताळा घ्यावा. पूर्वी हें काम पाण्याचे थेंब टाकून करीत, आज दुरून उष्णता मोजणारें उपकरण मिळतें. दुसरा प्रश्न, पाणी पुरेसें येतें काय? बाहेर पडणारें पाणी बादलींत धरून घड्याळ लावलें, म्हणजे डोळ्यांचा अंदाज संपून हिशेब सुरू होतो. पाणी कमी असेल तर शोध बाहेरून आंत न्यावा. प्रथम तळाचा कॉक व जाळी पाहावी. शेवाळ, चिखल किंवा प्लॅस्टिकचा तुकडा तेथें अडकलेला असतो. मग पंपाचा रबरी पंखा. त्याचें एखादें पातें तुटलें असेल तर नवा पंखा बसवून भागत नाहीं. तुटलेला तुकडा शोधून काढलाच पाहिजे, कारण तो पुढें जाऊन अरुंद वाटेंत दडून बसतो. रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण तिचा आंतला पदर सुटून पंपाच्या ओढीनें वाट बंद करतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

तिसरा प्रश्न सर्वांत मार्मिक आहे. ज्या इंजिनास दोन बाजूंस दोन मॅनिफोल्ड असतात, त्याचे दोन्ही तापतात कीं एकच? दोन्ही सारखेच तापत असतील तर दोष दोघांच्या सामायिक वाटेंत, म्हणजे जाळींत, पंपांत किंवा नळींत असण्याचा संभव अधिक. एकच तापत असेल, तर दोष त्याच्या स्वतःच्या पोकळींत किंवा त्याच्या शाखेंत शोधावा. एकच मॅनिफोल्ड असल्यास त्याच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत उष्णता मोजीत जावें. ती हळूहळू चढत गेली तर तें स्वाभाविक. एकाएकीं उडी मारली तर अडथळा तेथेंच जवळपास आहे.

चौथा प्रश्न, पाणी पुरेसें असूनही ताप हटत नाहीं, तर काय? मग पाण्यास सोडून अग्नीकडे वळावें. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी उशीरां पडत असेल, अथवा डीझेल उशीरां फवारलें जात असेल, तर सिलिंडरमध्यें जळावयाचें तेल धुराच्या वाटेंत जळत राहतें. पंख्यावर शिंपले चढून इंजिनावर भार वाढला, तरी फळ तेंच. काळा धूर अशा वेळीं साक्ष देतो. उलट हवेंत क्षणांत विरून जाणारी पांढरी वाफ पाण्याच्या तुटवड्याची साक्ष देते.

निदानानंतर उपचारांतही विवेक हवा. तापलेल्या ओतीव लोखंडावर थंड पाणी ओतण्याचा मोह आवरावा, कारण त्यानें तें तडकतें. खपली सौम्य आम्लानें काढतां येते. पण गंजानें भिंतच खाल्ली असेल तर डागडुजी करूं नये. अशा छिद्रांतून इंजिन बंद असतां पाणी सिलिंडरमध्यें उतरतें, आणि पाणी दाबलें जात नसल्यामुळें पुढच्या वेळीं चालू करतांच आंतील दांडा वांकतो. धुरास फट मिळाली तर बंद खोलींत रंग-गंध नसलेला विषारी वायु भरतो, तो निराळाच. जालन्यांत आज जुनें लोखंड वितळवून सळया करणाऱ्या भट्ट्या आहेत. असें कुजलेलें नळकांडें भट्टींत शोभतें, होडींत शोभत नाहीं.

हेंच शास्त्र मराठवाड्याच्या विहिरीवरही लागू पडलें. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली आणि १९४६ सालीं पुण्याजवळ किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानेंही डीझेल इंजिनें घडविलीं. या देशी इंजिनांनीं मोट सोडविली. विहिरींतून उपसलेल्या पाण्याचीच एक धार इंजिनास थंड करण्यास वळविण्याची चाल सर्वत्र होती, आणि काळ्या पाषाणांतून झिरपलेल्या जड पाण्याची खपली त्याच्याही अंगरख्यांत बसे. तेथें होडी बुडत नव्हती. परंतु ऐन उन्हाळ्यांत इंजिन धरलें कीं उभें पीक करपत असे, आणि वर्षाचें अन्न जात असे.

पुढें बोटींत नवी व्यवस्था आली. इंजिनांत गोडें पाणी कोंडून फिरवावयाचें, आणि समुद्राच्या पाण्यानें केवळ त्या गोड्या पाण्यास थंड करावयाचें. सॅम्युएल हॉलनें वाफेसाठीं जो विचार केला, तोच येथें नव्या रूपानें अवतरला. तरीही धुराच्या शेवटच्या वळणांत खारें पाणी राहतेंच, आणि तेथें दरवर्षीं उघडून पाहण्यास पर्याय नाहीं. भोंवतीं अथांग पाणी असलें म्हणजे तें आंत पोंचतेंच असें नाहीं; तें पोंचतें कीं नाहीं हें बादली आणि घड्याळ घेऊन वेळोवेळीं पाहणाराच आपली होडी व आपलें पीक सुखरूप घरीं आणतो.