लाल तेलाची साक्ष

चेन्नईच्या वेस्ट मांबलम भागात 'लेक व्ह्यू रोड' नावाचा एक रस्ता आहे. तेथून आज कोणतेही तळे दिसत नाही. मांबलमचे विस्तीर्ण तळे १९२०च्या दशकात बुजवून तेथे त्यागरायनगर वसवण्यात आले; तळे गेले, रस्त्याचे नाव तेवढे उरले. पाणी मात्र आपली जुनी जागा विसरलेले नाही. डिसेंबर २०१५च्या पुरात वेस्ट मांबलमच्या गल्ल्या पाण्याखाली गेल्या. तेव्हापासून येथे एखादी जुनी स्वयंचलित गिअरची गाडी बिघडली, की पहिला संशय पुरावर जातो.

आमच्या जुन्या गाडीवरही हाच आरोप झाला. दांडी 'डी'वर नेल्यावर गाडी दोन-तीन सेकंद थांबून मगच हलत असे. चढावर इंजिनाचे फेरे वाढत, वेग वाढत नसे. 'पुरात बुडालेली गाडी तुमच्या गळ्यात मारली आहे, आता गिअरबॉक्सच बदला,' असा निकाल एका कार्यशाळेत मिळाला. डिपस्टिक कोणी काढून पाहिली नव्हती. ती काढली, तेव्हा तिच्यावर स्वच्छ लाल तेलाऐवजी दुधात कालवल्यासारखा गुलाबी द्रव होता. तेलात पाणी शिरले होते, हे निश्चित. प्रश्न एवढाच, की ते आले कोठून? त्याचे उत्तर शोधताना या यंत्राचा इतिहास उपयोगी पडला.

या यंत्राचे मूळ मोटारीत नाही, जहाजात आहे. वाफेचे टर्बाइन अतिवेगाने फिरते, जहाजाचा पंखा मात्र संथ फिरावा लागतो. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी स्टेटिनच्या व्हल्कन जहाजकारखान्यातील जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये द्रवाद्वारे शक्ती पोचवणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले. एक चक्र द्रव फेकते, दुसरे तो झेलते आणि मधले स्थिर चक्र त्याची दिशा वळवून बलआघूर्ण वाढवते. आजचा टॉर्क कन्व्हर्टर तो हाच.

मोटारीत ही कल्पना रुजायला तीन दशकांहून अधिक काळ लागला. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये जाहीर केलेला 'हायड्रा-मॅटिक' गिअरबॉक्स १९४०च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसवला गेला. त्यात द्रव-युग्मक आणि चार गती होत्या. ब्युइकचा 'डायनाफ्लो' १९४८ मध्ये टॉर्क कन्व्हर्टर घेऊन आला. हायड्रा-मॅटिकमध्ये गिअर कधी बदलायचा हे ठरवणारे कोणतेही विद्युत-मंडल नव्हते. गाडीच्या वेगानुसार वाढणारा तेलाचा एक दाब आणि ॲक्सिलरेटरनुसार वाढणारा दुसरा दाब एका झडपेच्या दोन टोकांना भिडत. जो जिंकेल त्याप्रमाणे गिअर बदले. तेल शक्ती वाहून नेई, चकत्या दाबी, उष्णता काढून घेई आणि निर्णयही घेई. म्हणूनच या बंद पेटीत काय चालले आहे, हे बाहेरून सांगणारा सर्वांत विश्वासू साक्षीदारही तेच ठरले.

या तेलाचे पहिले सर्वमान्य मानक, 'टाइप ए', १९४९ मध्ये आले. चकत्यांमधील घर्षण नेमके ठेवण्यासाठी त्यात स्पर्म व्हेलचे तेल मिसळत. १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेने या प्राण्याला संकटग्रस्त ठरवून त्याच्या तेलाचा वापर थांबवला आणि रसायनज्ञांना घाईने पर्याय शोधावे लागले. बदललेल्या तेलाने काही गाड्यांच्या ऑइल कूलरमधील सोल्डरचे जोड गंजवले, म्हणून पुढील मानकात गंजरोधक घालावा लागला.

आमच्या प्रश्नाचा धागा येथे सापडतो. अनेक गाड्यांत हा कूलर रेडिएटरच्या पोटातच असतो. गिअरबॉक्सचे तेल आणि इंजिनाचा कूलंट यांच्यामध्ये धातूची एक पातळ भिंत असते. ती गंजली, की पुराचा थेंबही न लागता तेलात पाणी शिरते. गिअरबॉक्समधील क्लचच्या चकत्यांवर कागदासारखे तंतुमय अस्तर डिंकाने चिकटवलेले असते. ते पाणी शोषते, फुगते आणि सुटू लागते. त्यानंतर केवळ तेल बदलून फारसे काही साधत नाही.

दोन्ही शक्यतांमध्ये डिपस्टिक गुलाबीच दिसते. मग भेद कसा करायचा? दाबाच्या साध्या तत्त्वाने. इंजिन चालू असताना कूलरमधील तेलाचा दाब सहसा कूलंटहून अधिक असतो, त्यामुळे तेल कूलंटमध्ये जाते. इंजिन बंद झाले, की तापलेल्या कूलंटचा दाब उरतो आणि तो उलट तेलात शिरतो. म्हणजे कूलर फुटला असेल, तर कूलंटच्या टाकीतही तेलाचा तवंग सापडतो. पुराचे पाणी गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून किंवा डिपस्टिकच्या नळीतून शिरते. ते टाकीत तेल सोडत नाही, आसनांच्या रुळांवर आणि गालिच्याखाली गाळ मात्र ठेवून जाते. आमच्या गाडीच्या टाकीत तवंग होता, गाळ कोठेही नव्हता. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे कूलंटऐवजी साधे पाणी भरले गेले होते.

अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना ओबीडी-२ ही निदानप्रणाली सक्तीची झाली आणि संगणकाचा संकेतांक वाचण्याची पद्धत जगभर पसरली. तिचा उपयोग मोठा आहे. पण 'पी०७३०' हा संकेतांक गिअरचे गुणोत्तर चुकते आहे एवढेच सांगतो. चकती का घसरते, हे त्याला ठाऊक नसते. लक्षणाला कारण समजणे ही मापनशास्त्रातील जुनी चूक आहे. यंत्र आधुनिक झाल्याने ती टळत नाही.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. भारतात २०१४ मध्ये सेलेरिओपासून लोकप्रिय झालेल्या एएमटी गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. तेथे साध्या गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्र हलवते. त्यांचे निदान निराळे. पण गाडी कोणतीही असो, पाण्यात बुडाली असेल तर तपासणीपूर्वी तिचे इंजिन सुरू करू नये.

आमच्या गाडीचा गिअरबॉक्स वाचला, पण चकत्या वाचल्या नाहीत. पहिल्याच दिवशी डिपस्टिक पाहिली असती, तर बहुधा कूलर आणि तेल बदलून भागले असते. गाडीवर पुराचा आरोप ठेवणे सोपे होते, कारण पूर सर्वांच्या स्मरणात होता. रेडिएटरमधील गंज कोणाच्याच स्मरणात नव्हता. त्याची साक्ष फक्त तेलाने दिली.