अंतर मोजणाऱ्या खिडक्या

कुरकुंभला पुणे-सोलापूर आणि दौंड-बारामती हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. फिरंगाईदेवीचं देऊळ, नवरात्राची गर्दी, एमआयडीसीतून पाळी सुटल्यावर बाहेर पडणारे कामगार, आणि आषाढीच्या आधी जवळच्याच पाटसहून रोटीचा घाट चढत बारामतीकडे निघणारी तुकोबांची पालखी. माणसांचे फोटो काढायची ज्याला ओढ आहे, त्याला या टापूत विषयांची वाण नाही. अशा माणसापुढे आज ना उद्या एक प्रश्न येतो. पिशवीभर सामान नको, एकच लेन्स पक्की बसवलेला छोटा कॅमेरा हवा, तर कुठला घ्यावा? रिंग फिरवून हातानं फोकस करायचा रेंजफाइंडर, की बटण अर्धं दाबताच आपला आपण फोकस साधणारा ऑटोफोकस?

हा वाद बहुतेक वेळा जुनं विरुद्ध नवं असा मांडला जातो. मागे जात राहिलं की कळतं, ही दोन घराणी वेगळी नाहीतच. दोघांचं गणित एक आहे. फरक पडतो तो निर्णयात: अंतर कुणापर्यंत मोजायचं आणि कधी मोजायचं, हे कोण ठरवणार?

या गणिताची सुरुवात कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी झाली. एखाद्या वस्तूपर्यंत न जाता तिचं अंतर काढायचं असेल, तर एक पाया मोजून घ्यायचा, त्याच्या दोन्ही टोकांवरून त्या वस्तूकडे पाहायचं आणि कोन नोंदवायचे. विल्यम लॅम्बटननं १८०२ साली मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांचा असा पाया मोजला आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत हिंदुस्थानची मोजणी पुढे सरकत गेली. सर्वेक्षणाला त्यासाठी वर्षं लागली तरी चालत होतं. सैन्याला मात्र तेच उत्तर काही क्षणांत हवं होतं. १८८८ साली ब्रिटनच्या युद्धखात्यानं पायदळासाठी अंतरमापक मागवला, तेव्हा लीड्सच्या कॉलेजातले दोन प्राध्यापक, आर्चिबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड, कामाला लागले. आडवी नळी, तिच्या दोन टोकांना दोन खिडक्या आणि मध्ये डोळा लावायची जागा, अशी त्यांची रचना होती. दोन खिडक्यांतून आलेल्या प्रतिमा जुळेपर्यंत चकती फिरवायची आणि मग पट्टीवरचं अंतर वाचायचं. नळी जितकी लांब, तितकं माप नेमकं. युद्धनौकांवरचे अंतरमापक पुढे ३० फुटांच्याही पलीकडे गेले ते त्यामुळेच.

हा पूर्वज डोळ्यांनी पाहायचा असेल तर फार लांब जावं लागत नाही. दौंडहून नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, रेल्वे जाते. तिथल्या रणगाडा संग्रहालयात अमेरिकी बनावटीचा पॅटन आहे. त्याच्या बुरुजाच्या दोन्ही बाजूंना एकेक फुगवटा दिसतो. अंतरमापकाच्या दोन खिडक्या तिथे बसवलेल्या असत आणि पाया होता बुरुजाच्या रुंदीएवढा. हा पाया काही सेंटिमीटरांवर आणला, की कॅमेऱ्याच्या कपाळावरच्या दोन खिडक्या तयार होतात.

कॅमेऱ्यात हे तंत्र आधी सुट्या उपकरणाच्या रूपात आलं. वेट्झलरच्या लाइट्झ कारखान्यातल्या ऑस्कर बर्नाकनं सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला आणि १९२५ साली तो लायका या नावानं बाजारात आला. त्याला स्वतःचा रेंजफाइंडर नव्हता. वेगळा रेंजफाइंडर वर बसवायचा, अंतर वाचायचं, मग तेवढं लेन्सवर लावायचं. तोवर समोरचा माणूस जागचा हललेला असायचा. रेंजफाइंडर लेन्सलाच जोडायची कल्पना कोडॅकनं १९१६ मध्ये एका मोठ्या घडीच्या कॅमेऱ्यात आणली होती. ती छोट्या कॅमेऱ्यात उतरली १९३२ साली, लायका-२ आणि झाइस इकॉनचा कॉन्टॅक्स या दोघांत एकाच वर्षी. आता लेन्सची रिंग फिरली की आतला आरसाही हलू लागला. तरी फोकस एका खिडकीतून आणि चौकट दुसरीतून पाहावी लागे. १९३६ च्या कॉन्टॅक्स-२ नं दोन्ही एकाच खिडकीत आणलं, लायकात ते १९५४ च्या एम-३ मध्ये आलं.

या खिडकीतून एकदा पाहिलं की तिची गोडी लक्षात येते. चित्र झगझगीत आणि सगळीकडे स्पष्ट. मधोमध एक फिकट चौकोनी तुकडा, त्यात समोरच्याचं नाक दोनदा दिसतं. रिंग फिरवत जावं तशी दोन नाकं जवळ सरकतात आणि एकमेकांवर अचूक बसतात. चौकटीच्या बाहेरचंही थोडं दिसत असल्यामुळे डावीकडून कोण येतंय हे आधीच कळतं. लेन्समागे उसळणारा आरसा इथे नाही, त्यामुळे आवाज हळू असतो. आँरी कार्तिए-ब्रेसाँ लायका घेऊन भारतात आले, ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींना भेटले आणि त्याच दिवसाच्या शेवटी शोकात बुडालेल्या दिल्लीचे फोटो त्यांना काढावे लागले. त्या गर्दीत, कमी उजेडात, लहान आणि शांत कॅमेऱ्याची किंमत काय होती हे त्या फोटोंतून समजतं.

सामान्य माणसाच्या खिशाला लायका परवडणारा नव्हता. ती उणीव जपाननं भरून काढली: एकच पक्की लेन्स, पण रेंजफाइंडर खरा. कॅननचा कॅनोनेट १९६१ चा, याशिकाचा इलेक्ट्रो ३५ हा १९६६ चा. याशिकाची लेन्स ४५ मिमी, एफ/१.७, आणि शटरची गती कॅमेरा स्वतः ठरवणार. म्हणजे उजेडाचा हिशेब यंत्राकडे गेला, अंतर मात्र अजून माणसाच्या हातात होतं.

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांपर्यंत हा टप्पा पोचलाच नाही. आयातीवर निर्बंध होते. परदेशी कॅमेरा यायचा तो बाहेरगावी असलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून. इथे घराघरांत होता बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक-थ्री. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो, ऊन की ढग एवढंच ठरवायचं, फोकस करायची सोयच नाही. तालुक्याच्या स्टुडिओत दोन डोळ्यांचा याशिका असायचा आणि लग्नात तोच फिरायचा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू रोल त्यात भरलेला असे. नव्वदच्या दशकात कोडॅक केबी-१० आला, त्यालाही फोकस नव्हता. त्यामुळे आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी अंतर मोजण्याची पायरी गाळूनच फोटो काढले. उन्हात, दहा पावलांवर उभं राहून कुटुंबाचा फोटो घ्यायला ते पुरेसं होतं. देवळाच्या गाभाऱ्यात किंवा दिव्याच्या उजेडात ते हरत असे.

दरम्यान रेंजफाइंडरच्याच पोटातून ऑटोफोकस जन्माला येत होता. लाइट्झनं १९७६ च्या फोटोकिना प्रदर्शनात स्वतः फोकस ओळखणारा कोरेफोट हा नमुना दाखवला, पण बाजारात आणला नाही. बाजारात आला १९७७ चा कोनिका सी-३५ एएफ. त्यात अमेरिकेच्या हनीवेल कंपनीचा व्हिजिट्रॉनिक हा भाग होता. रचना ओळखीचीच: दोन खिडक्या, दोन आरसे, त्यातला एक हलणारा. पूर्वी दोन प्रतिमा जुळल्या की नाही ते डोळा सांगायचा, आता ते प्रकाशाला प्रतिसाद देणारे घटक सांगू लागले. दोन वर्षांनी कॅननच्या एएफ-३५-एम नं अवरक्त किरण सोडून, परत येणाऱ्या किरणाचा कोन मोजायला सुरुवात केली. तोही त्रिकोणच, फक्त अंधारात चालणारा. तोंडावर काच आली की मात्र तो फसायचा, कारण खिडकीबाहेरच्या डोंगराऐवजी तो काचेचंच अंतर मोजायचा.

या पहिल्या ऑटोफोकसांनी एक चूक घरोघरच्या अल्बमांत नोंदवून ठेवली आहे. नवरा-नवरी शेजारी उभे, दोघांच्या मध्ये फट, आणि फटीतून दिसणारा मागचा पडदा अगदी रेखीव. यंत्रानं मोजमाप चोख केलं होतं. ते मधोमध जे होतं त्याचं केलं, एवढंच. जुळवण्याचं काम डोळ्याकडून काढून घेताना, कुणाशी जुळवायचं याचा निर्णयही नकळत यंत्राकडे गेला होता.

पुढची चाळीस वर्षं कारागीर तो निर्णय माणसाला परत द्यायच्या खटपटीत आहेत. १९९३ च्या कोनिका हेक्सारमध्ये ३५ मिमी एफ/२ ची उत्तम लेन्स आणि शांत ऑटोफोकस एकत्र आले. २०११ मध्ये बाजारात आलेल्या फुजीफिल्म एक्स-१०० नं रेंजफाइंडरसारखी काचेची खिडकी ठेवली आणि आत डिजिटल ऑटोफोकस बसवला. आजचे कॅमेरे चेहरा ओळखतात, डोळा ओळखतात. दुसरीकडे २००४ चा एप्सन आर-डी१ आणि २००६ चा लायका एम-८ यांनी हातानं फोकस करायचा रेंजफाइंडर डिजिटलमध्ये आणला. तो आजही बनतो, पण चारचाकीचा विचार करावा अशा किमतीला.

मग निवड कशी करावी? इतिहासानं दिलेला प्रश्न विचारावा: माझा विषय कुठे असेल हे मला आधी माहीत आहे का?

रोटीच्या घाटात दिंडी आपल्या दिशेनं चालत येते. ती तीन मीटरवरून जाणार हे दिसत असतं. ३५ मिमीची लेन्स ३ मीटरवर लावून एफ/८ ठेवली, तर साधारण १.९ मीटरपासून ७.३ मीटरपर्यंत सगळं स्वच्छ येतं. मृदंग वाजवणारा, त्याच्या पुढची तुळस डोक्यावर घेतलेली बाई, मागची पताका, सगळे त्या पट्ट्यात. इथे फोकस करायला काही उरतच नाही. लक्ष चेहऱ्यांवर राहतं. अशा ठिकाणी रेंजफाइंडर सर्वात वेगवान आहे, कारण त्याचं काम आधीच झालेलं असतं. ऑटोफोकस मात्र दर वेळी नव्यानं शोधू लागतो आणि मध्येच आडव्या आलेल्या पताकेवर थांबतो.

नवरात्राच्या रात्री चित्र पालटतं. दिव्याच्या उजेडात लेन्स एफ/२ पर्यंत उघडावी लागते. तेव्हा त्याच ३ मीटरवर स्वच्छतेचा पट्टा एक मीटरही उरत नाही. ओटी भरणारी बाई वाकते, उठते, मूल कडेवरून उतरून पळतं. रिंग फिरवत प्रतिमा जुळवेपर्यंत क्षण जातो, आणि अंधारात तो फिकट चौकोनही नीट दिसत नाही. इथे डोळा ओळखणारा ऑटोफोकस निःसंशय वरचढ आहे. अगदी जवळच्या वस्तूंसाठीही तोच घ्यावा. बहुतेक रेंजफाइंडर ७०-८० सेंटिमीटरच्या आत येऊ देत नाहीत, तर एक्स-१०० दहा सेंटिमीटरपर्यंत जातो. जुना रेंजफाइंडर घेणार असाल तर आणखी एक पाहावं: धक्क्यांनी त्याचे आरसे सरकतात. लेन्स अनंतावर लावून लांबचा विजेचा खांब पाहावा. दोन खांब दिसले तर दुरुस्तीचा खर्च किमतीत धरावा.

एकच कॅमेरा आयुष्यभर वापरायचा असेल, तर माझं मत ऑटोफोकसच्या बाजूनं आहे, पण एका अटीवर. दुकानात तो हातात घेतल्यावर फोकस हातानं ३ मीटरवर लावावा, कॅमेरा बंद करावा, पुन्हा चालू करावा. अंतर तिथेच राहिलं, तर तो कॅमेरा निर्णय तुमच्याकडे ठेवतो. राहिलं नाही, तर लेन्स कितीही चांगली असली तरी तो तसाच परत करावा.