‘माझ्याकडे तर चालत होतं!’

आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात मोडी कागदांची एक सूची आहे. कागद कोणाचा, कोणत्या गावचा, शक कोणता, विषय काय, एवढाच तिच्यातला मजकूर. ही सूची चाळता यावी म्हणून एका विद्यार्थ्याने संगणकावर चालणारा छोटासा प्रोग्रॅम लिहून दिला. त्याचा मूळ मजकूर, म्हणजे ज्याला कोड म्हणतात तो, त्याने सर्वांना खुला ठेवला. कोणीही वाचावा, सुधारावा, वापरावा. आम्ही खूश झालो. पुढे मुलगा नोकरीनिमित्त दूर गेला, त्याचा जुना लॅपटॉप बंद पडला आणि नेमकी त्यानंतर आम्हांला प्रोग्रॅममध्ये एक लहानशी दुरुस्ती करायची वेळ आली. कोड तर समोर होता. पण त्यापासून चालता प्रोग्रॅम तयार करायचा कसा, ते कोणालाच जमेना. त्याला फोन केला. बिचारा ओशाळून म्हणाला, “सर, माझ्याकडे तर चालत होतं!”

श्रोतेहो, मी इतिहासाचा मास्तर. हे वाक्य ऐकून मला नवल वाटलं नाही. कारागीर गेला आणि त्याचा हातगुण त्याच्याबरोबर गेला, ही आमच्या विषयातली नित्याची गोष्ट आहे. वस्तू मागे राहते, पण ती घडवायची कृती कोणी लिहून ठेवलेली नसते. संगणकाच्या जगाने या दुखण्यावर काय तोड काढली, हे शोधू लागलो आणि जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास हाती लागला. तो आज थोडक्यात सांगतो.

आधी एक खुलासा. माणसाने लिहिलेला कोड तसाच्या तसा दुसऱ्याच्या हाती देऊन भागत नाही. यंत्राला समजेल असं त्याचं रूपांतर करावं लागतं. इतरांनी लिहिलेले तयार भाग, ज्यांना लायब्ररी म्हणतात, ते जोडावे लागतात. अक्षरांचे फाँट, चित्रं बरोबर घ्यावी लागतात. आणि शेवटी सगळ्याचं एक गाठोडं बांधावं लागतं. या खटाटोपाला बिल्ड म्हणतात. एकच पायरी चुकली तरी कोड निर्दोष असूनही प्रोग्रॅम बिघडतो.

१९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये असंच घडलं. स्टीव्ह जॉन्सन हे तिथले नावाजलेले प्रोग्रॅमर. एका दोषाच्या मागे लागून त्यांनी अख्खी सकाळ घालवली. शेवटी कळलं काय, तर दोष केव्हाच दुरुस्त झाला होता. पण बदललेल्या फाइलचं पुन्हा रूपांतर करायचं राहून गेलं होतं आणि यंत्र जुनंच चालवत होतं. ते तणतणत सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे गेले. फेल्डमन यांचीही आदल्या संध्याकाळी थोडीफार हीच गत झाली होती! त्यातून फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचं साधन लिहिलं. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे आणि ती कशी तयार करायची, हे एका कागदावर मांडायचं. मग काय बदललं ते यंत्र स्वतः पाहतं आणि तेवढंच पुन्हा करतं. डोक्यात होती ती कृती कागदावर आली. या कामासाठी २००३ साली फेल्डमन यांना एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर पुरस्कार मिळाला.

यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. ‘मेक’च्या कागदावर आज्ञेच्या आधी टॅबची मोकळी जागाच लागते, साधी चालत नाही. हा नियम गैरसोयीचा आहे हे फेल्डमन यांना लवकरच उमगलं. पण तोवर डझनभर माणसं ‘मेक’ वापरू लागली होती. त्यांची घडी कशाला विसकटा, म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. त्या डझनभरांच्या सोयीसाठी ठेवलेला नियम पुढच्या पिढ्यांतले लाखो लोक पाळत आले. रूढी कशा पडतात, याचा याहून सोपा धडा वर्गात द्यायला मला सापडलेला नाही.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि कोड खुला ठेवण्याची चळवळ उभी राहिली. आता तोच कोड नाना जातींच्या यंत्रांवर बांधायचा होता. १९९१ साली ‘ऑटोकॉन्फ’ आलं. समोरचं यंत्र कसं आहे ते आधी चाचपून त्याप्रमाणे बिल्डची तयारी करण्याची सोय त्याने केली. पण बिल्डचं बटण दाबायचं ते अजून माणसानेच.

१९९८ साली नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला आणि मोझिला प्रकल्प सुरू झाला. शेकडो माणसं एकाच कोडात हात घालणार, मग कोणी काय मोडलं ते कळायचं कसं? तिथे ‘टिंडरबॉक्स’ नावाची व्यवस्था होती. निरनिराळ्या जातींची यंत्रं दिवसरात्र ताजा कोड घेऊन बिल्ड करीत बसायची आणि निकाल एका फलकावर लागायचा. जमलं तर हिरवा, बिघडलं तर लाल. टिंडरबॉक्स म्हणजे चकमकीची पेटी. फलक लाल झाला की ‘आग लागली’ म्हणायचे. २००१ साली ‘क्रूझकंट्रोल’ आलं. त्यानंतर सन कंपनीतल्या कोहसुके कावागुची यांनी ‘हडसन’ लिहिलं. आपल्या चुकीने बिल्ड मोडतो आणि सोबत्यांची बोलणी खावी लागतात, यावर त्यांनी काढलेला तो उपाय. नावावरून वाद झाल्यावर २०११ साली त्याचं ‘जेन्किन्स’ झालं.

आता आपण म्हणाल, हे मोठ्यांचं झालं. एकट्यादुकट्याने चालवलेल्या लहान प्रोग्रॅमचं काय? टेबलावरच्या संगणकासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमला विंडोज, मॅक आणि लिनक्स अशी तीन घरं सांभाळायची असतात. गरीब विद्यार्थ्याने तीन यंत्रं आणायची कुठून? २०११ च्या सुमारास बर्लिनमधल्या मंडळींनी ‘ट्रॅव्हिस’ सुरू केलं. कोड खुला असेल तर दूरच्या यंत्रांवर बिल्ड फुकट. लहान प्रकल्पांचं भाग्य उजळलं. पण २०१९ च्या जानेवारीत कंपनीची मालकी बदलली, २०२० च्या नोव्हेंबरात फुकट मिळणारा वेळ मोजून मिळू लागला, आणि २०२१ साली खुल्या प्रकल्पांचं जुनं ठिकाण बंदही झालं. तोवर ‘गिटहब ॲक्शन्स’ ही सोय २०१९ च्या नोव्हेंबरात सर्वांना खुली झाली होती. पुष्कळांनी आपला संसार तिकडे हलवला. ज्यांची कृती साध्या आज्ञांत लिहिलेली होती त्यांना हे सोपं गेलं. सगळं त्या एका कंपनीच्या खास पद्धतीवर सोडणाऱ्यांना पुन्हा पाटी पुसून लिहावं लागलं.

इथे सोयीपलीकडचा एक प्रश्न येतो, तो विश्वासाचा. २०२४ च्या मार्चमध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दिसलं, की दूरच्या यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. माग काढता काढता ‘एक्सझेड’ नावाच्या लहानशा खुल्या साधनात पेरलेली चोरवाट सापडली. तिचा मुख्य ऐवज चाचणीच्या फायलींत लपवलेला होता. तो बाहेर काढून बिल्डमध्ये मिसळणारा मजकूर मात्र खुल्या भांडारात नव्हताच. वाटपासाठी तयार केलेल्या गाठोड्यात तेवढा घातलेला होता. म्हणजे सगळे वाचत होते एक, आणि घरी नेत होते दुसरंच! असं होऊ नये म्हणून २०१३ पासूनच डेबियन प्रकल्पातली मंडळी एका गोष्टीसाठी झटत आहेत: दोघांनी दोन वेगळ्या यंत्रांवर तोच कोड बांधला, तर निघणारी फाइल अगदी तंतोतंत सारखी असावी. मग लबाडी झाकली जात नाही. इतिहासकार एकाच बखरीच्या दोन प्रती ताडून पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या सूचीचं पुढे काय झालं, ते सांगायला हवं. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने कृती लिहायला घेतली. चाळीसएक ओळींची फाइल. कोड बदलला की तीन कोरी यंत्रं सुरू कर, पायथन भाषेची अमुक आवृत्ती बसव, यादीतल्या लायब्ररी ठरलेल्या आवृत्तीच्याच आण, चाचण्या घे, गाठोडं बांध. पहिल्या खेपेस तिन्ही निकाल लाल. एक लायब्ररी यादीत नव्हतीच. ती त्या जुन्या लॅपटॉपवर दुसऱ्या कुठल्या तरी कामासाठी बसवलेली होती. दुसऱ्या खेपेस विंडोज आणि मॅक हिरवे, लिनक्स लाल. फाँटच्या फोल्डरचं इंग्रजी नाव एके ठिकाणी मोठ्या अक्षराने लिहिलं होतं, दुसरीकडे लहान. हा भेद पहिली दोन यंत्रं सहसा मानत नाहीत, लिनक्स मानतं. तिसऱ्या खेपेस तिन्ही हिरवे. मॅकवर उघडताना अजून इशारा येतो, कारण अधिकृत सहीसाठी ॲपलला वर्षाला ९९ डॉलर द्यावे लागतात आणि तेवढी आमच्या विभागाची ऐपत नाही.

मी तिला विचारलं, “एवढ्याशा दुरुस्तीसाठी तीन दिवस गेले की गं!” ती म्हणाली, “सर, दुरुस्ती पहिल्याच दिवशी झाली होती. बाकीचे दोन दिवस मी नसेन तेव्हासाठी होते.”

पुढच्या वर्षी तीही पदवी घेऊन जाईल. तिची कृती मात्र कोडाशेजारीच राहील, आणि तिच्या जागी येणाऱ्याला कोणाला फोन करावा लागणार नाही.