लॅपटॉपसोबत आलेली विंडोज पुन्हा टाकायचीय? प्रॉडक्ट की विकत घेऊ नका!

आर्वी-हिंगणघाटहून वर्ध्याला शिकायला आलेली मुलं मला हमखास विचारतात, "विंडोज उडाली, आता प्रॉडक्ट की कुठून आणू?" विंडोज ८ पासून (२०१२) कंपनीने विंडोज टाकून दिलेल्या बहुतेक लॅपटॉपची की मदरबोर्डवरच्या चिपमध्येच असते.

आधी बॅकअप घ्या, सी ड्राइव्ह पुसली जाईल. मित्राच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा. आधी होम होती तर होमच टाका. प्रोला ती की चालत नाही. नेट जोडल्यावर ॲक्टिव्हेशन आपोआप होतं. नाही झालं तर सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनमध्ये 'ट्रबलशूट' दाबा. मदरबोर्ड बदललाय? मग लॅपटॉप कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. क्रॅक मात्र टाकू नका. त्यातून व्हायरस येऊ शकतो.