पिस्तुलाचा परवाना मिळाला? ‘मोठ्या बोअर’चा हट्ट धरण्याआधी हे वाचा

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घ्यायचं म्हटलं की "९ एमएमच घे" असं सांगणारा गावात एखादा भेटतोच. पण ९ एमएम हे प्रतिबंधित बोअर. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या साध्या परवान्यावर ते मिळत नाही. परवानाधारकांकडे बहुतेक .३२ बोअरच दिसतं: इशापूरच्या सरकारी कारखान्याचं ‘अशनी’ पिस्तूल नाहीतर कानपूरचं रिव्हॉल्व्हर.

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी फुसकी निघाली तर पुन्हा घोडा दाबला की पुढची गोळी समोर येते. पिस्तुलाची मात्र स्लाइड ओढावी लागते, घाबरलेल्या माणसाला ते जमत नाही. सराव नसेल तर रिव्हॉल्व्हरच बरं.

सार्वजनिक ठिकाणी ते होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं हवं, असं शस्त्र नियम २०१६ सांगतात. वरातीत हवेत बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि स्वस्तातला गावठी कट्टा? तो हातातच फुटू शकतो, वर जेल वेगळी.