मेस्त्रे

मेस्त्रे : गोव्यातील कॅथलिक चर्चचा गायनवृंद व वाद्यवृंद सांभाळणारा आणि चर्चच्या शाळेत गावातल्या मुलांना संगीत शिकवणारा गुरुजी. कागदोपत्री त्याचा हुद्दा ‘मेस्त्रे-कापेला’ असा येतो. गावात मात्र नुसते ‘मेस्त्रे’ म्हटले की पुरे. युरोपातल्या बहुतेक मोठ्या चर्चमध्ये संगीताची सूत्रे ऑर्गनपाशी असतात. गोव्यातला मेस्त्रे हातात व्हायोलिन घेऊन उभा राहत असे. या एका फरकाचे परिणाम पुढे पार मुंबईच्या फिल्म स्टुडिओंपर्यंत पोहोचले.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि पाठोपाठ फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा संघांचे धर्मगुरू आले. धर्मांतरित गावांत मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) गाऊन साजरी करायची तर गाणारे हवेत, आणि ते दर वेळी लिस्बनहून आणता येत नाहीत. म्हणून चर्चला जोडून पारोकीय शाळा निघाल्या. तिथे धर्मशिक्षण, अक्षरओळख आणि संगीत एकाच छपराखाली चाले. जुने गोवे येथील सेंट पॉल महाविद्यालयातही गायन-वादन शिकवले जाई. शंभर-सव्वाशे वर्षांत ही लागवड किती मुरली, याचा एक साक्षीदार आहे. जुझेप्पे दि सांता मारिया हा इटालियन कार्मेलाइट धर्मगुरू 1663 मध्ये गोव्यात होता. बाँ जेझुसच्या चर्चमध्ये त्याने सात गायनवृंदांनी मिळून गायलेले संगीत ऐकले आणि आपण रोममध्येच आहोत की काय असे त्याला वाटले. रचना होती त्या काळी रोम गाजवणाऱ्या संगीतकार कारिस्सिमीची, आणि गाणारे होते इथलेच लोक. रोमला परतल्यावर प्रवासवर्णनात त्याने हे नवलाने नोंदवले.

या कथेची दुसरी बाजू कमी गोड आहे. शिकवण्याबरोबर पुसणेही चालू होते. गोव्यातील इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, 1736 मध्ये काढलेल्या आज्ञापत्राने ख्रिस्ती घरांतील लग्नाची गाणी, वाद्ये आणि अनेक जुन्या चालीरीतींवर बंदी आणली. घुमटासारखे तालवाद्य चर्चच्या दारापासून दूरच राहिले. गावकऱ्यांची गळ्याची आणि तालाची हौस कुठे तरी भागायला हवी होती. ती मेस्त्रेच्या वर्गात भागली, असे म्हणायला जागा आहे.

वर्गाची पद्धत कडक होती. मुलाच्या हाती वाद्य लगेच पडत नसे. आधी सोल्फेज: समोर पाच रेघांचा कागद, हाताने खाली-डावीकडे-उजवीकडे-वर असा चार मात्रांचा ताल आणि तोंडाने दो-रे-मी. शब्द नाहीत, सूर नुसते नावाने म्हणायचे. मात्रा चुकली तर पुन्हा पहिल्या रेघेपासून. हे महिनोन्महिने चाले. कंटाळून पळणारे पळत. टिकलेल्यांना न अडखळता स्वरलेखन वाचता येऊ लागले की मग व्हायोलिन मिळे. गोव्यात त्याला ‘रबेक’ म्हणतात. आवाज फुटेपर्यंत मुलगा वरच्या पट्टीत गाई, फुटल्यावर वादकांत सरके. मेस्त्रेचा पगार चर्चच्या निधीतून किंवा गावच्या कोमुनिदादीकडून (सामाईक जमीन सांभाळणाऱ्या ग्रामसंस्थेकडून) येई, त्यामुळे मुलांच्या फीचा प्रश्न नव्हता. भाटकाराचा (जमीनदाराचा) मुलगा आणि मुंडकाराचा (त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळाचा) मुलगा दोघेही तेच सोल्फेज घोकत, आणि कित्येक गरीब मुलांना पुस्तकाआधी स्वरलेखन वाचता येऊ लागले.

व्हायोलिनच का, याचे उत्तर साधे आहे. नळ्यांचा ऑर्गन म्हणजे लाकूड, चामड्याचे भाते आणि पैसा. दमट हवा आणि वाळवीचा प्रदेश या तिन्हींचा वैरी. मोठ्या चर्चना तो परवडे. खेड्यातल्या चर्चमध्ये फार तर पायाने भाता मारायचा छोटा ऑर्गन असे. व्हायोलिन मात्र खांद्यावर टाकून नेता येते. मिस्सेला, मिरवणुकीत, वाटेवरच्या खुर्सापाशी (क्रुसापाशी), कुणाच्या ओसरीवर, कुठेही. पोप दहावे पायस यांनी 1903 मध्ये काढलेल्या आदेशात चर्चसाठी ऑर्गनला पहिला मान दिला, पियानो आणि ढोल-ताशासारखी वाद्ये वर्ज्य ठरवली आणि इतर वाद्यांना मर्यादा घातल्या. गोव्यातली रबेक तरीही खाली उतरली नाही.

मेस्त्रेचे वर्ष चर्चच्या पंचांगावर चाले. रविवारची मिस्सा नेहमीचीच. फेस्ताआधी (चर्चच्या सणाआधी) नऊ दिवसांची नोव्हेना, आदल्या संध्याकाळची प्रार्थना आणि फेस्ताच्या दिवशीची गायिलेली मोठी मिस्सा या तिन्हींची तयारी त्याच्याकडे असे. पण त्याची खरी परीक्षा उपवासकाळात. गोव्यात या चाळीस दिवसांसाठी ‘मोतेत’ नावाचा खास रचनाप्रकार वाढला. शब्द लॅटिन, विषय ख्रिस्ताच्या यातनांचा, दोन किंवा तीन आवाजांचे गायन आणि साथीला व्हायोलिन, क्लॅरिनेट व ‘रबेकांव’ म्हणजे डबल बास. यातनांच्या मिरवणुकीत वेरोनिकाची भूमिका करणारी मुलगी ख्रिस्ताच्या मुखाची छबी असलेले वस्त्र उलगडत एकटी गाते, तेव्हा साऱ्या गावाचे कान तिच्याकडे असतात. तिची तालीम घेणारा अर्थातच मेस्त्रे. मोतेतांच्या अनेक वह्यांवर रचनाकाराचे नावच नाही. मेस्त्रेने किंवा एखाद्या पाद्रीने ते आपल्या चर्चसाठी लिहिले, शेजारच्या गावाने उतरवून घेतले, उतरवताना एखादा आवाज बदलला. काही वह्या चर्चच्या कपाटांत आहेत, काही घरांतल्या पेट्यांत, आणि पुष्कळ वाळवीने खाल्ल्या.

चर्चबाहेरचे मोठे काम म्हणजे लादायीन. घरात किंवा खुर्साजवळ संध्याकाळी मेणबत्त्या लागतात, शेजारीपाजारी जमतात. मेस्त्रे व्हायोलिनवर सूर देतो, मारियेचे एकेक विशेषण लॅटिनमध्ये गातो आणि जमलेले लोक दर वेळी तोच प्रतिसाद देतात. गंमत अशी की लॅटिन कळणारे त्यांत फार कमी, पण मूळ चालीच्या वर ‘तिसरा’ सूर धरून दुसरा आवाज लावणारे गल्लीगल्लीत सापडतात. शेवटी उकडलेले चणे, खोबऱ्याचे तुकडे आणि फेणी. मेस्त्रेला वरकड कमाई व्हायची ती अशा कार्यांतून. मांडो या गोव्याच्या गीतप्रकारात दोन आवाज समांतर चालतात ते याच सवयीतून. कुडतरीच्या आर्नाल्दो द मिनेझिस (1863–1917) यांच्यासारख्या मांडोकारांच्या मागे चर्चच्या वर्गातले संस्कार आहेत.

एवढे शिकवूनही गावात पोट भरेना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गोव्यातले तरुण ब्रिटिश हिंदुस्थानात आणि पूर्व आफ्रिकेत जाऊ लागले. लष्कराचे व पोलिसांचे बँड, बोटी, संस्थानिकांचे वाद्यवृंद, मूकपटांची थिएटरे, हॉटेले: जिथे स्वरलेखन वाचणारा माणूस लागे तिथे गोंयकार हजर. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावागावांचे ‘कुड’, म्हणजे गाववाल्यांची सामाईक वसतिस्थाने, होते. तिथे खाटेखाली पेटी आणि पेटीवर व्हायोलिन अशी बिऱ्हाडे थाटली गेली.

बोलपट आले आणि या मंडळींना सर्वांत मोठा मालक मिळाला. संगीतकार चाल गाऊन दाखवी. ती कागदावर उतरवणे, पन्नास वादकांना वाटून देणे आणि चालीखाली-चालीवर सुरावटींचे थर रचणे हे काम अरेंजरचे. ते करणारे बरेचसे गोव्याचे होते. सेबॅस्टियन डिसोझा (1906–1996) यांनी ओ. पी. नय्यर व शंकर-जयकिशन यांच्यासाठी ते केले. हळदोण्याचे ट्रंपेटवादक ‘चिक चॉकलेट’ म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ हे सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’मध्ये (1951) आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड यांनी पुढे 1963 मध्ये ‘आमचें नशीब’ हा कोंकणी चित्रपट काढला. पन्नास-साठच्या दशकांतील हिंदी गाण्यांत व्हायोलिनांची जी दाट भिंत ऐकू येते, तिच्या पायात गोव्याच्या पारोकीय शाळा आहेत. गावोगावी ऑर्गन असता तर मुंबईला इतके व्हायोलिनवादक कुठून मिळाले असते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) हे या साखळीचे सर्वांत ठळक उदाहरण. त्यांचे वडील गावच्या चर्चचे गायनप्रमुख; मुलगा त्यांच्याच हाताखाली शिकला आणि किशोरवयातच मुंबईला आला. स्टुडिओत व्हायोलिन वाजवता वाजवता त्यांनी घरी शिकवण्या घेतल्या आणि प्यारेलाल शर्मा त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. 1958 मध्ये त्यांनी पाश्चात्त्य व हिंदुस्थानी संगीत एकत्र आणणारा मोठा वाद्यवृंद उभारला. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणातील त्याच्या कार्यक्रमात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. ‘अमर अकबर अँथनी’मधले (1977) त्यांच्या नावाचे गाणे सगळ्यांना ठाऊक आहे, ती लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या शिष्याने गुरूला केलेली सलामी आहे, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

गोव्यात मात्र मेस्त्रेचे आसन डळमळू लागले होते. आंतोनियो फोर्तुनातो द फिगेरेदो यांनी 1952 मध्ये संगीत अकादमी काढली आणि चर्चबाहेर पद्धतशीर शिक्षणाची सोय झाली. 1961 मध्ये पोर्तुगीज राजवट संपल्यानंतर सरकारी व खासगी शाळा वाढल्या, मुले तिकडे गेली. मग व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने डिसेंबर 1963 मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. वसईच्या पट्ट्यात मिस्सा मराठीत आली, गोव्यात कोंकणीत. तीन आवाजांच्या लॅटिन रचनांचे गठ्ठे बाजूला पडले आणि सगळ्यांना गाता येतील अशा कोंकणी गीतांची गरज निर्माण झाली. फादर वास्को द रेगो यांच्या पुढाकाराने ‘गायनांचो झेलो’ हा गीतसंग्रह घरोघर पोहोचला. या बदलाने भाविकांना शब्द कळू लागले, ही मिळकत मोठीच. पण जुने कसब ज्यांच्या अंगी होते त्यांचा धंदा बसला, हेही तितकेच खरे.

आज बहुतेक चर्चमध्ये गिटार आणि की-बोर्ड आहेत. गायनवृंद चालवणारी व्यक्ती बहुधा शिक्षक, नोकरदार किंवा महाविद्यालयीन तरुणी असते आणि हे काम हौसेने होते. पूर्वी ज्याला परवानगी नव्हती ते घुमटही काही ठिकाणी मिस्सेत वाजते. व्हायोलिनचे वर्ग कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात भरतात. फादर लूर्दिनो बार्रेतो यांनी हा विभाग अनेक वर्षे चालवला. उपवासकाळात मात्र अनेक गावांत अजून व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि रबेकांव यांच्या साथीने मोतेत गायिले जातात, आणि तेवढ्यापुरते परगावी किंवा मुंबईत स्थायिक झालेले जुने वादक बोलावून घेतले जातात.