एका भांड्यांतील जेवण

बटाट्याच्या फोडी, कांद्याच्या जाड चकत्या आणि डुकराच्या मांसाचीं सॉसेजें एका पसरट भांड्यांत मांडावयाचीं, वरून थोडें तेल व मीठ घालावयाचें आणि तें भांडें पाऊण तास तापलेल्या भट्टींत ठेवून द्यावयाचें. युरोप-अमेरिकेंतील असंख्य घरांत हेंच कुटुंबाचें रात्रीचें जेवण असतें. त्याला कौशल्य थोडें लागतें, खर्च बेताचा येतो आणि घासावयास भांडें एकच पडतें. असल्या पदार्थाला इतिहास तो काय असणार, असें श्रोत्यांपैकीं कांहींना वाटेल. परंतु बटाटा, सॉसेज आणि घरची भट्टी या तिघांनाहि सामान्य माणसाच्या घरांत सुखानें नांदावयास फार काळ लागला. एकाला लोकांनीं दारांतूनच परत पाठविलें, दुसऱ्यानें कित्येकांचे प्राण घेतले, आणि तिसरी तर गरिबाला परवडतच नव्हती.

प्रथम बटाट्याकडे वळूं. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या उंच पठारांवर हजारों वर्षांपासून त्याची लागवड होत आली आहे. रात्रीच्या कडाक्याच्या थंडींत तो उघड्यावर पसरून गोठवावयाचा, मग पायांनीं तुडवून त्यांतील पाणी काढावयाचें आणि उन्हांत वाळवावयाचा, अशा रीतीनें तेथील लोक त्याचा ‘चुन्यो’ करून वर्षानुवर्षें साठवीत. सोळाव्या शतकांत स्पॅनिश विजेत्यांनीं त्या प्रदेशांतून सोनें-चांदी नेली, तिचा हिशेब काटेकोरपणें ठेवला; बटाटा मात्र कोणत्या जहाजांतून गेला हें टिपून ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाहीं. १५६७ सालीं कॅनरी बेटांतून अँटवर्प बंदराकडे बटाटे रवाना झाल्याची नोंद आढळते, म्हणजे तोंवर तो त्या बेटांत रुजला होता. त्याच्या नांवाचाहि घोटाळाच आहे. ‘बटाटा’ हा मुळांत वेस्ट इंडीजमधील ताइनो लोकांचा शब्द, आणि तो रताळ्याचा. युरोपियनांनीं दोन्ही कंदांना एकच नांव चिकटविलें. पोर्तुगीजांच्या तोंडून तें नांव आपल्याकडे आलें, आणि आज आपण तोच परदेशी कंद एकादशीच्या उपवासाला निःशंक मनानें खातों.

युरोपांत मात्र त्याचें स्वागत असें सोवळ्यांत झालें नाहीं. त्याची पानें-फुलें विषारी वनस्पतींच्या कुळाशीं जुळतात हें तेथील वैद्यांना दिसत होतें. तो खाल्ल्यानें कुष्ठ होतें असाहि समज कांहीं भागांत पसरला होता. गुरांना घालावा, फार तर दुष्काळांत तोंडांत टाकावा, अशी त्याची योग्यता. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिक राजानें २४ मार्च १७५६ रोजीं फर्मान काढून, शेतकऱ्यांना बटाट्याचे फायदे समजावून सांगा आणि लागवड करावयास लावा, असें अधिकाऱ्यांना बजाविलें. त्याच वर्षीं सप्तवार्षिक युद्धाला तोंड लागलें. धान्याचें कोठार सैनिकांना सहज लुटतां येतें. जमिनींतला बटाटा खणून काढावयाला वेळ लागतो, आणि कूच करणाऱ्या फौजेजवळ वेळच नसतो. शेतकऱ्याला राजाच्या फर्मानापेक्षां ही गोष्ट अधिक पटली असावी असें मला वाटतें. याच युद्धांत प्रशियाच्या कैदेंत पडलेल्या पार्मांतिए नांवाच्या फ्रेंच औषधविक्याला बटाट्यावर दिवस काढावे लागले. तो जिवंत राहिला, इतकेंच नव्हे तर धडधाकट राहिला, आणि मायदेशीं परतल्यावर त्यानें उरलेलें आयुष्य बटाट्याची वकिली करण्यांत घालविलें.

परंतु या सर्व कथेंतील मला सर्वांत मार्मिक वाटणारा प्रसंग म्यूनिक शहरांतला आहे. बेंजामिन टॉम्प्सन नांवाचा अमेरिकेंत जन्मलेला एक शास्त्रज्ञ बव्हेरियाच्या इलेक्टरच्या नोकरींत होता; पुढें तो काउंट रम्फर्ड म्हणून प्रसिद्धीस आला. १ जानेवारी १७९० रोजीं त्यानें शहरांतील भिकाऱ्यांना पकडून उद्योगगृहांत आणविलें. तेथें त्यांना काम द्यावयाचें आणि कमींत कमी खर्चांत पोटभर जेवूं घालावयाचें, असा त्याचा बेत. सातूचा दलिया, वाटाणे, शिळा पाव आणि आंबट झालेली बियर यांचें सूप त्यानें ठरविलें. त्यांत बटाटा घातला तर खर्च आणखी उतरत होता. पण ज्यांना काल रस्त्यावर उपाशी निजावें लागत होतें, तेहि बटाट्याला शिवावयास तयार होईनात! तेव्हां रम्फर्डनें वेगळ्या खोलींत, कोणाच्या नजरेस न पडतां, बटाटे इतके शिजविले कीं त्यांचा आकार मुळींच ओळखूं येईना, आणि ते सूपांत मिसळले. लोकांनीं तें आवडीनें खाल्लें. मग गुपित उघड करण्यांत आलें, आणि पुढें तर बटाट्यावांचून त्यांचें चालेना. हा प्रकार त्यानें स्वतःच आपल्या निबंधांत लिहून ठेवला आहे. या युक्तीचें कौतुक होतें तसें होवो. मला तिच्यांत थोडा कडवटपणाहि जाणवतो. भिकाऱ्यालासुद्धां आपल्या पानांत काय पडतें हें जाणण्याचा अधिकार असतो, आणि तो येथें पोटाच्या नांवाखालीं बाजूला सारला गेला.

आणि ज्यांनीं बटाट्याला पूर्णपणें जवळ केलें त्यांचें काय झालें? आयर्लंडमधील गरीब शेतकरी जवळजवळ त्या एका पिकावरच जगूं लागला. १८४५ सालीं ‘फायटॉफ्थोरा इन्फेस्टान्स’ या सूक्ष्म जीवानें पसरविलेल्या करप्यानें तें पीक शेतांतच कुजविलें, आणि पुढील कांहीं वर्षांत सुमारें दहा लाख माणसें भुकेनें व रोगानें मेलीं. आणखी तितकींच देश सोडून गेलीं. त्याच आयर्लंडची राजधानी डब्लिन येथें सॉसेज, खारविलेलें डुकराचें मांस, कांदा आणि बटाटा एकाच भांड्यांत मंद शिजवून केलेला ‘कॉडल’ आजहि घरोघर खाल्ला जातो.

आतां सॉसेजकडे. हिंवाळ्याच्या तोंडाशीं डुकरें मारावयाचीं, चांगले तुकडे खारवून ठेवावयाचे, आणि उरलेलें मांस व चरबी बारीक करून, मीठ-मसाला लावून धुतलेल्या आंतड्यांत भरावयाची, ही युरोपांतील शेतकऱ्यांची जुनी रीत. कांहींच फुकट जाऊं नये, हा तिच्यांतील हेतु. पण आंतड्याच्या आंत हवा पोंचत नाहीं, आणि नेमक्या त्याच जागीं एक जंतु वाढतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं वुर्टेंबर्ग प्रांतांत सॉसेज खाऊन माणसें मरूं लागलीं. डोळ्यांपुढें दोन-दोन प्रतिमा दिसत, गिळतां येईना, आणि शेवटीं श्वास थांबे. युस्टिनुस केर्नर या वैद्यानें, जो कवि म्हणूनहि त्या देशांत नांवाजला होता, अशा रोग्यांचीं वर्णनें गोळा करून १८२० व १८२२ सालीं प्रसिद्ध केलीं, आणि बिघडलेल्या सॉसेजचा अर्क स्वतः चाखून परिणाम पाहिला. १८९५ सालीं बेल्जियममधील एका खेड्यांत अंत्यविधीला जमलेले वादक खारविलेलें मांस खाऊन आजारी पडले. त्यांतील तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेन्गेम यानें त्या मांसांतून जंतु वेगळा काढला. या रोगाचें ‘बॉट्युलिझम’ हें नांव ‘बॉट्युलस’, म्हणजे सॉसेज, या लॅटिन शब्दावरूनच पडलें आहे.

गोव्यांतील चोरीसहि याच घराण्यांतले, पण तेथें दमट हवेशीं गांठ. म्हणून मांसाला मिठाबरोबर भरपूर मिरची, लसूण आणि माडाच्या सुरेचें व्हिनेगर लावावयाचें, आणि मण्यांच्या माळेसारखे बांधून तें वाळवावयाचें. पावसाळ्यांत ताजी मासळी दुर्मिळ झाली कीं तेथील ख्रिस्ती कुटुंबांत हीच माळ कामीं येते. कांदा आणि बटाटा घालून चोरीस शिजविले कीं त्यांचा लालभडक रस बटाट्यांत मुरतो, आणि सोबतीला पाव. बटाटा, पाव, चोरीस, हे तिन्ही शब्द पोर्तुगीजच. मात्र हें जेवण गोव्यांत चुलीवरच्या भांड्यांत शिजत आलें आहे, कारण तेथें भट्टी असे ती पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे.

युरोपांतहि फार काळ असेंच होतें. घरीं चूल, भट्टी पाववाल्याची. आल्सेस प्रांतांत मांस व बटाट्यांचे थर रचलेलें मातीचें भांडें कणकेनें बंद करून पाववाल्याकडे पोंचविण्याचा प्रघात होता. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस, चुलीपाशीं उभें राहावयास गृहिणीला सवड नसे. त्या पदार्थाच्या ‘बेकऑफ’ या नांवाचा अर्थच ‘पाववाल्याची भट्टी’ असा आहे. लंडनमध्यें रविवारीं आणि नाताळच्या दिवशीं गरीब लोक आपापलें जेवण भाजण्यासाठीं पाववाल्याच्या दुकानीं घेऊन जात. डिकन्सच्या १८४३ सालच्या नाताळच्या प्रसिद्ध कथेंत हें दृश्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाणें टाकून चालू होणारे गॅसचे मीटर आले, तेव्हां कोठें इंग्लंडमधील मजुराच्या घरांत भट्टी शिरली. पुढें १९२३ सालीं आंच आपोआप कायम राखणारें ‘रेग्युलो’ हें यंत्र निघालें आणि भट्टीपाशीं राखण करीत बसण्याचें कारण उरलें नाहीं. भांडें आंत सारून आईला मुलांजवळ बसतां येऊं लागलें.

एका भांड्यांतील या साध्या जेवणावर राज्यकर्त्यांचीहि दृष्टि पडली. १ ऑक्टोबर १९३३ पासून जर्मनींत नाझी सरकारनें हिंवाळ्याच्या महिन्यांतून एक रविवार ‘एका भांड्याचा’ ठरविला. त्या दिवशीं कोणीहि भाजलेलें मांस न करतां एकच स्वस्त पदार्थ खावा आणि वांचलेले पैसे दारीं येणाऱ्या स्वयंसेवकाच्या हवालीं करावे. दान म्हणावयाचें, पण कोण देतो आणि कोण नाहीं यावर नजर असे. शेजाऱ्याच्या पातेल्यांत डोकावण्याचा अधिकार सरकारनें घेतल्यावर जेवणाची चव कोठून राहणार?

इंग्लंडांत दुसऱ्या महायुद्धांत निराळा मार्ग पत्करला गेला. ११ मार्च १९४० पासून मांसाचें नियंत्रण सुरू झालें. तें वजनावर नसून किंमतीवर होतें, दर माणशीं आठवड्याला प्रथम १ शिलिंग १० पेन्सांचें. सॉसेज नियंत्रणाबाहेर होतें, पण त्यांत मांस किती आणि पावाचा चुरा किती हें विचारण्यांत अर्थ नसे, आणि त्याच्यासाठीं रांग लावावी लागे ती वेगळीच. बटाटा मात्र देशांतच पिकत होता. गव्हासाठीं जहाजें पाठवावीं लागत आणि समुद्रांत शत्रूच्या पाणबुड्या होत्या. म्हणून जून १९४० पासून तेथील नभोवाणीवर सकाळीं सव्वाआठ वाजतां ‘किचन फ्रंट’ हा पांच मिनिटांचा कार्यक्रम सुरू झाला, आणि अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांचें खातें गृहिणींना बटाटा खाण्याच्या नाना तऱ्हा सांगूं लागलें. भट्टी पेटविलीच तर ती भरूनच पेटवा, एकट्या पदार्थासाठीं इंधन जाळूं नका, हाहि उपदेश असे. युद्ध संपल्यावरहि टंचाई संपली नाहीं. १९४७ सालीं तर बटाट्यावरच नियंत्रण आलें. मांस खुलें झालें तें ४ जुलै १९५४ रोजीं.

हें जेवण घरीं करूं पाहणाऱ्यांसाठीं चार गोष्टी सांगतों. बटाटा पिठूळ जातीचा असावा. इंग्लंडांत १९०२ सालीं बाजारांत आलेली ‘किंग एडवर्ड’ ही जात त्यासाठीं नांवाजलेली आहे. सारख्या फोडी करून त्या मिठाच्या पाण्यांत सात-आठ मिनिटें उकडाव्या, निथळाव्या आणि भांड्यांत हलवून त्यांच्या कडा थोड्या खरबरीत होऊं द्याव्या. त्या खरबरीत कडाच पुढें खरपूस होतात. भट्टी सुमारें २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली असावी, रेग्युलोवर हा ६ चा आंकडा. सॉसेजला टोंचे मारूं नयेत, रस वाहून जातो. भांड्यांत गर्दी करूं नये, नाहीं तर सर्व कांहीं भाजण्याऐवजीं वाफेंतच शिजतें. अर्ध्या वेळानें फोडी उलटाव्या, म्हणजे सॉसेजमधून सुटलेली चरबी सगळीकडे लागते. हवें तर त्याच वेळीं आंबट सफरचंदाच्या फोडी आणि चमचाभर मोहरीची चटणी घालावी. मांस आंतून पुरतें शिजलें पाहिजे, निदान ७१ अंशांपर्यंत. मग तें भांडें तसेंच मेजावर आणून ठेवावें. कांठाला चिकटलेला कांदा सर्वांत गोड असतो, आणि मुलांचें भांडण त्याच्यावरूनच होतें.